घड्याळ अंतर चुकीचं का दाखवतं? फिटनेस वॉच आणि बँडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धावायला लागल्यापासून माझ्या मनगटावर काही ना काही बांधलेलंच असतं, आधी साधा बँड होता, मग जीपीएसवालं घड्याळ आलं, मग त्याहून भारी घड्याळ. आणि ओळखीतल्या कुणीही नवीन घड्याळ घेतलं की चौथ्या-पाचव्या दिवशी मेसेज ठरलेला, "अरे हे अंतर बरोबर दाखवतंय ना?" प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

घड्याळाला अंतर कळतं तरी कसं?

दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि निम्मा गोंधळ या दोन्ही एकच समजल्यामुळे होतो. पहिली जीपीएसची, म्हणजे दर सेकंदाला तुम्ही कुठे आहात त्याचा एक ठिपका टाकायचा आणि ठिपक्या-ठिपक्यांमधली अंतरं बेरीज करत जायची. बऱ्याच चिप तुमचा वेगही थेट सिग्नलवरून काढतात (डॉपलर, म्हणजे गाडी जवळ येताना हॉर्नचा आवाज वेगळा आणि लांब जाताना वेगळा लागतो ना, तेच), आणि काही घड्याळं ठिपके आणि वेग दोन्ही मिसळून अंतर ठरवतात. दुसरी पद्धत पावलांची. घड्याळात ॲक्सेलरोमीटर असतो, तो हाताचे झोके ओळखतो, त्यातून पावलं मोजली जातात आणि पावलं गुणिले एका पावलाची लांबी केलं की झालं अंतर.

दोन्हीत फूटपट्टी कुठेच नाही हे लक्षात घ्या. दोन्ही अंदाजच आहेत, फक्त एकाचा अंदाज आकाशातून येतो आणि दुसऱ्याचा तुमच्या हाताच्या हलण्यावरून.

सॅटेलाइट आपल्याला ट्रॅक करतो का?

नाही हो. सॅटेलाइटला तुम्ही अस्तित्वात आहात हेसुद्धा माहीत नसतं. तो साधारण २०,२०० किमी उंचीवरून फक्त ओरडत असतो की मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत, आणि तुमचं घड्याळ ते ऐकतं. सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी यातल्या फरकावरून अंतर निघतं, असे कमीत कमी ४ सॅटेलाइट ऐकू आले की तुमची जागा निघते. चौथा कशाला, तर मनगटावरच्या घड्याळाची वेळ सॅटेलाइटवरच्या अणुघड्याळाइतकी अचूक नसते, ती चूकही त्याच गणितात काढावी लागते. आणि ती काढावीच लागते, कारण सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, वेळेत एका सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी इकडचा तिकडे झाला तरी जागा ३०० मीटरनी हलते.

अमेरिकेने २००० सालापर्यंत सामान्य लोकांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, ती त्या वर्षीच्या मे महिन्यात बंद केली. नसती केली तर आज आपण कोणीच हातावर जीपीएस बांधून पळत नसतो. आता अमेरिकेच्या जीपीएसच्या जोडीला रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू असे बरेच सॅटेलाइट असतात आणि नवी घड्याळं एकाच वेळी यातल्या अनेकांचं ऐकतात.

किती चूक झाली तर नॉर्मल समजायची?

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस तुमची जागा साधारण ५ मीटरच्या आसपास सांगतं, घड्याळाचंही तसंच धरा. पण जागेतली चूक आणि अंतरातली चूक या वेगळ्या गोष्टी आहेत, त्याबद्दल खाली लिहिलंय. माझ्या स्वतःच्या वापरात मोकळ्या रस्त्यावर जीपीएस चालू ठेवून १० किमी पळालो तर १०० ते २०० मीटर इकडेतिकडे होतं, म्हणजे १-२ टक्के, आणि त्यावर मी वेळ घालवत नाही. पावलांवरून काढलेलं अंतर मात्र ५-१० टक्के चुकलं तरी मला नवल वाटत नाही, कॅलिब्रेट केलं नसेल (म्हणजे मोजलेल्या अंतराशी जुळवून घेतलं नसेल) तर त्याहून जास्त.

मी एका जागी उभा होतो तरी अंतर वाढलं, हे कसं काय?

हे करून बघाच एकदा, मजा येते. मी एकदा घड्याळ खिडकीत ठेवलं, वॉक चालू केला आणि बाकीची कामं करत बसलो. अर्ध्या तासाने बघितलं तर घड्याळ बरंच अंतर "चालून" आलेलं, नकाशावर लहान मुलाने पेन्सिल घेऊन गिरगोटलंय तसा गुंता.

कारण सोपं आहे. दर सेकंदाचा ठिपका थोडा थोडा हलतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तुम्ही सरळ चालत असलात तरी घड्याळाला तुम्ही किंचित नागमोडी चाललेले दिसता आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा नेहमी लांबच भरणार. म्हणजे या हलण्यामुळे होणारी चूक एकमेकांना खोडत नाही, ती साचत जाते आणि अंतर वाढवते. हळू चालणाऱ्याला याचा त्रास जास्त, कारण त्याचं खरं सेकंदाचं अंतरच जेमतेम मीटरभर असतं. कंपन्या हे माहीत असल्यामुळे रेघ गुळगुळीत करून घेतात, तुम्ही थांबलात असं वाटलं की मोजणं थांबवतात, पण प्रत्येकाची गुळगुळीत करायची पद्धत आपापली आणि ती कोणी सांगत नाही.

मग काही वेळा कमी का दाखवतं?

कारण ठिपके लांब लांब पडले की वळणं कापली जातात. आपण वळणावरून गोल जातो, घड्याळ दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ मारतं. दर सेकंदाला ठिपका असेल तर हा फरक नगण्य, पण बॅटरी वाचवायचा मोड लावला की काही घड्याळं मिनिटाला एकदाच जीपीएस बघतात.

एक उदाहरण करून बघू. ४०० मीटरचा ट्रॅक, तुम्ही ताशी १२ किमीने पळताय, म्हणजे मिनिटाला २०० मीटर, म्हणजे चकरेत फक्त दोन ठिपके. ते दोन ठिपके दोन्ही सरळ बाजूंच्या मधोमध पडले तर त्यांच्यातलं सरळ अंतर ७३ मीटर, जाऊन येऊन १४६. दोन्ही गोलाईंच्या टोकाला पडले तर १५७, जाऊन येऊन ३१५. म्हणजे तुम्ही पळालात ४०० आणि घड्याळाला दिसले १४६ ते ३१५ मधले काहीतरी. अर्थात अशा मोडमध्ये घड्याळ मधली जागा पावलांच्या अंदाजाने भरायचा प्रयत्न करतं, तरी हा मोड दिवसभराच्या ट्रेकसाठी ठीक आहे, इंटरव्हलसाठी (जोरात-हळू असं आलटून पालटून पळण्यासाठी) अजिबात नाही.

सेटिंगमध्ये "स्मार्ट रेकॉर्डिंग" आणि "एव्हरी सेकंड" असे पर्याय दिसले तर दुसरा लावा. फाइल थोडी मोठी होते, होऊ दे.

नकाशावर माझी रेघ रस्त्याच्या बाजूला घरांवरून गेलीय. म्हणजे अंतरही चुकलं?

असंच काही नाही, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. सगळीच्या सगळी रेघ ७-८ मीटर शेजारी सरकली असेल तर तिची लांबी तीच राहते, चुकलं फक्त ठिकाण. उलट रेघ अगदी रस्त्यावरच आहे पण झूम केल्यावर करवतीच्या दातांसारखी दिसतेय, तर अंतर नक्की जास्त लागलंय. त्यामुळे रेघ कुठे आहे यापेक्षा ती कशी आहे हे बघा, झूम करून.

उंच इमारतींमधून किंवा झाडीतून जाताना वेडंवाकडं का होतं?

सिग्नल भिंतीवर आपटून येतो. सरळ आला असता त्यापेक्षा लांबच्या रस्त्याने आला, म्हणजे उशिरा आला, म्हणजे घड्याळाला वाटतं सॅटेलाइट लांब आहे. शिवाय इमारतींमुळे आकाशाची एक पट्टीच दिसते, सगळे सॅटेलाइट त्या पट्टीतले, मग आडव्या दिशेचा अंदाज कच्चा राहतो. झाडांचं निराळं, पानं सिग्नल खातात आणि ओली पानं जास्त खातात, कारण पाण्यातून हा सिग्नल नीट जात नाही. याच कारणाने आपलं शरीरही आडवं येतं, आपण बहुतांशी पाणीच आहोत. हात अंगाला चिकटवून पळणाऱ्यांच्या घड्याळाचं एका बाजूचं आकाश तसंच झाकलं जातं.

बोगदा किंवा मोठ्या पुलाखालून गेलात की सिग्नल जातोच. चांगलं घड्याळ तेवढ्यापुरतं पावलांवर चालतं आणि बाहेर आल्यावर जोडून घेतं, साधं घड्याळ आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत सरळ रेघ मारतं. बोगदा सरळ असेल तर तुमचं नशीब.

मल्टी-बँड, ड्युअल फ्रिक्वेन्सी वगैरेचा खरंच फायदा होतो का, की नुसतं मार्केटिंग?

होतो. म्हणजे मार्केटिंगही आहेच, पण हे त्यातलं खरं आहे. जुनी घड्याळं एल१ नावाचा एकच सिग्नल ऐकायची, १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. नवीन घड्याळं त्यासोबत एल५ पण ऐकतात, ११७६.४५ मेगाहर्ट्झचा. एल५ चा कोड दहापट जलद आहे, त्यामुळे सरळ आलेला सिग्नल आणि भिंतीवर आपटून थोडा उशिरा आलेला सिग्नल यांच्यात फरक करणं चिपला सोपं जातं. दुसरं म्हणजे वातावरणाचा वरचा थर, आयनोस्फिअर, दोन फ्रिक्वेन्सींना वेगवेगळा उशीर करतो, त्या फरकावरून तो उशीर वजा करता येतो.

पण मोकळ्या माळावर, मैदानावर पळत असाल तर फरक फार जाणवणार नाही आणि बॅटरी मात्र चांगलीच लवकर उतरेल. मी इमारती असलेल्या रूटला मल्टी-बँड लावतो, बाकी वेळ ऑल सिस्टम्स (जीपीएस, ग्लोनास वगैरे सगळे, पण एकाच फ्रिक्वेन्सीवर). फक्त अंतर दिसावं म्हणून नवीन घड्याळ घ्यायचं असेल तर आधी तुमचा रोजचा रूट बघा आणि मग ठरवा.

सुरू करण्याआधी किती वेळ थांबायचं?

स्क्रीनवरचं जीपीएसचं चिन्ह हिरवं व्हायची वाट बघा आणि त्यानंतर अजून अर्धा-एक मिनिट. बरेच जण घड्याळ अजून शोधतंय तेवढ्यात स्टार्ट दाबून सुटतात आणि मग पहिला किलोमीटर विचित्र येतो, सुरुवातीला तीनशे मीटर गायब किंवा भलतीकडून सरळ रेघ.

आतली गोष्ट अशी की घड्याळाला प्रत्येक सॅटेलाइट नक्की कुठे आहे याचा तक्ता लागतो. तो सॅटेलाइटकडूनच ऐकायचा तर सिग्नल भयंकर हळू आहे, सेकंदाला फक्त ५० बिट. एका सॅटेलाइटचा स्वतःचा तक्ता ऐकायला अर्धा मिनिट, सगळ्यांची ढोबळ यादी ऐकायला साडेबारा मिनिटं. म्हणून घड्याळ फोनला सिंक केलं की तो तक्ता इंटरनेटवरून आधीच उतरवून घेतं आणि मग काही सेकंदात लॉक होतं. तुमचं घड्याळ हल्ली सॅटेलाइट शोधायला फार वेळ लावत असेल तर सगळ्यात आधी शेवटचं सिंक कधी झालं ते बघा, दहापैकी आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं. प्रवास करून लांबच्या ठिकाणी गेलात तर पहिल्या दिवशी जरा जास्त वेळ द्या, आणि शोधत असताना घड्याळ आकाशाकडे तोंड करून एका जागी उभे राहा, घरातून निघतानाच जिन्यात चालू करू नका.

रेसमध्ये सगळ्यांच्याच घड्याळात अंतर जास्त आलं. आयोजकांनी कोर्स चुकीचा मोजला का?

हा प्रश्न प्रत्येक रेसनंतर येतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पेटलेलं असतं. सर्टिफाइड कोर्स (म्हणजे नियमाप्रमाणे मोजून प्रमाणित केलेला रूट) असेल तर जवळपास नक्कीच नाही.

सर्टिफाइड कोर्स जीपीएसने मोजतच नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं एक छोटं यंत्र लावतात, आधी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर ती सायकल चालवून काउंटर तपासून घेतात आणि मग सगळा रूट सायकलवर फिरतात. तेही कसं, तर जास्तीत जास्त छोटा रस्ता धरून, प्रत्येक वळणाला आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून. वर किलोमीटरमागे १ मीटर जादा घालतात, कोर्स चुकूनही कमी भरू नये म्हणून. मॅरेथॉन ४२.१९५ किमीची, म्हणजे ४२ मीटर आधीच जास्त.

आता तुम्ही कसे पळता? गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जात, वळणाला बाहेरून. एका काटकोनी वळणावर आतल्या रेषेपेक्षा ४ मीटर बाहेरून गेलात तर ६ मीटरच्या वर जादा पडले, अशी वळणं मोजा म्हणजे कळेल. त्यात घड्याळाची आपली नागमोडी चूक. २१.१ किमीच्या हाफ मॅरेथॉनला २१.३ किंवा २१.४ दिसणं यात काहीच विशेष नाही.

पण याचा फटका खरा बसतो तो पेसला, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला. माझा एक मित्र हाफ मॅरेथॉनला १ तास ४५ मिनिटांचं टार्गेट घेऊन उतरला होता, त्यासाठी किलोमीटरला ४:५९ लागतो, आणि पठ्ठ्याने घड्याळावर पूर्ण वेळ ४:५९ धरून ठेवला. फिनिशला घड्याळात अंतर २१.३८ आणि वेळ १:४६ च्या पुढे, जवळपास दीड मिनिट हुकलं. घड्याळाच्या मते त्याने टार्गेट गाठलं होतं, फक्त फिनिश लाइन अजून तिथे नव्हती! म्हणून रेसमध्ये ऑटो लॅप (दर किलोमीटरला घड्याळ स्वतःच लॅप नोंदवतं ते) बंद ठेवा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः लॅपचं बटण दाबा. किंवा टार्गेटपेक्षा किलोमीटरला ३-४ सेकंद जोरात पळायची तयारी ठेवा.

(सर्टिफाइड नसलेली रेस असेल तर काहीही असू शकतं, तिथे मी कुणाचीच बाजू घेणार नाही.)

ट्रॅकवर १० चकरा मारल्या पण ४ किमी येत नाही.

आधी सांगा कुठल्या लेनमधून. ४०० मीटर फक्त पहिल्या लेनचे असतात आणि तेही आतल्या कठड्यापासून ३० सेंटीमीटरवर मोजलेले. दुसऱ्या लेनची चकर ४०७ मीटरची, आठव्या लेनची ४५३ ची. आठव्या लेनमधून १० चकरा म्हणजे साडेचार किमी झाले, घड्याळ बरोबर सांगत असेल आणि तुम्हीच त्याला नावं ठेवत असाल.

बाकी ट्रॅक ही जीपीएससाठी अवघड जागा आहे, सतत वळण. नवीन घड्याळांत "ट्रॅक रन" मोड असतो, तो लेन नंबर विचारतो आणि पहिल्या काही चकरांवरून ट्रॅक ओळखून त्याचा आकारच पक्का धरतो. असेल तर वापरा, नसेल तर चकरा मोजा, त्याहून अचूक काही नाही.

ट्रेडमिल ५ किमी म्हणते, घड्याळ ४.४. खरं कोण?

दोघंही खोटं बोलत असू शकतात.

घड्याळाला ट्रेडमिलवर जीपीएसचा उपयोग नाही, तुम्ही जागेवरच आहात, त्यामुळे ते हाताच्या झोक्यावरून अंदाज करतं. हँडल धरून चालत असाल तर हात हलतच नाही, मग अंतर कुठून येणार. ट्रेडमिल पट्ट्याचे फेरे मोजते आणि ती जुनी झालेली, पट्टा सैल झालेला असेल तर तिचाही आकडा घसरतो.

खरं काढायचं असेल तर एकदा हे करा. मशीन बंद असताना पट्ट्याच्या कडेला चिकटपट्टीची खूण लावून पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजा, समजा ३.२ मीटर आली. मग मशीनवर १० चा वेग लावून कुणालातरी पळायला सांगा (रिकामा पट्टा आणि माणूस असलेला पट्टा यांचा वेग वेगळा असू शकतो) आणि मोबाइलवर खुणेचा व्हिडिओ घ्या. १०० फेरे म्हणजे ३२० मीटर, ताशी १० किमीने ते ११५ सेकंदात व्हायला हवेत. १२० सेकंद लागले तर मशीन १० म्हणतंय पण पळतंय ९.६ ने. आता तुम्हाला मशीनची चूक कळली, मग घड्याळात रन सेव्ह करताना "कॅलिब्रेट अँड सेव्ह" दिसतं तिथे मशीनचा नाही, हा दुरुस्त केलेला आकडा टाका. तेच मशीन, तोच वेग ठेवलात तर नंतर बरंच जुळतं. वेग खूप बदलला की परत बिघडतं, कारण हळू पळताना आणि जोरात पळताना पावलाची लांबी वेगळी.

माझ्या बँडमध्ये जीपीएस आहे का नाही कसं कळणार?

"कनेक्टेड जीपीएस" लिहिलं असेल तर नाही. म्हणजे फोन सोबत असेल तर फोनचं वापरणार, फोन घरी ठेवला तर पावलांवर. "बिल्ट-इन जीपीएस" असेल तर आहे. बोटातल्या स्मार्ट रिंगमध्ये जीपीएस नसतं. सोपी परीक्षा, फोन घरी ठेवून फिरून या, नंतर नकाशा दिसला तर जीपीएस आहे.

पावलाची लांबी कशी टाकायची?

तुम्ही काहीच टाकलं नाहीत तर ॲप उंचीवरून धरतं, साधारण उंचीच्या ०.४१ पट. १७० सेंमी उंचीला ७० सेंमी. आता तुमचं खरं पाऊल ७४ असेल तर १०,००० पावलांना ॲप ७ किमी म्हणेल आणि तुम्ही चाललात ७.४. चूक छोटी वाटते पण रोजची आहे.

मोजायचं असं, ट्रॅकच्या पहिल्या लेनमधून एक चकर नेहमीच्या चालीने चाला, पावलं स्वतः मोजा (घड्याळाची नको), ४०० भागिले पावलं. ५४० पावलं झाली तर ०.७४ मीटर. मुद्दाम ऐटीत चालू नका, तसं सगळेच चालतात मोजताना. पळण्याची लांबी वेगळी मोजा, ताशी १० किमीने मिनिटाला १६५ पावलं टाकणाऱ्याचं एक पाऊल मीटरभर असतं, ती लांबी चालण्याला लावली की झालंच.

आणि एक खड्डा ज्यात मी स्वतः पडलो. काही ॲप "स्ट्राइड लेंथ" विचारतात. काटेकोर अर्थाने स्ट्राइड म्हणजे दोन पावलं, डावं पडल्यापासून परत डावं पडेपर्यंत. मी शहाणपणा करून दोन पावलांची लांबी टाकली, त्या ॲपला हवी होती एकाची. आठवडाभर घरातल्या घरात रोज १४ किमी चालत होतो, आणि खरं सांगू का, पहिले दोन दिवस मला शंकासुद्धा आली नाही, बरंच वाटत होतं.

ॲपल वॉचसारखी घड्याळं हे स्वतःच शिकतात, मोकळ्या जागी जीपीएस चालू ठेवून २० मिनिटं नेहमीच्या चालीने चाललात की ते पावलांची आणि अंतराची सांगड घालून ठेवतं आणि पुढे जीपीएस नसताना तेच वापरतं.

बाबागाडी ढकलताना पावलं मोजली जात नाहीत आणि टाळ्या वाजवल्या की मोजली जातात!

हो, कारण घड्याळ पायाला नाही, हाताला बांधलंय. हात स्थिर तर पाऊल नाही, हात तालात हलला तर पाऊल. खडबडीत रस्त्यावर दुचाकी चालवूनही वाढतात. बाबागाडी, ट्रॉली, वॉकर असं काही ढकलणार असाल तर जीपीएसवाला वॉक चालू करा किंवा फोन खिशात ठेवून त्याची पावलं बघा. घड्याळ कुठल्या हाताला आहे, नेहमीच्या कामाच्या की दुसऱ्या, हे सेटिंगमध्ये बरोबर टाकलंत तर फालतू पावलं जरा कमी होतात.

आम्ही दोघं शेजारी शेजारी पळालो तरी अंतर वेगळं. आणि एकच रन दोन ॲपमध्ये वेगळं!

एकाच माणसाने दोन हातांना दोन घड्याळं बांधली तरी वेगळं येतं, मी करून बघितलंय, १० किमीला ८० मीटरचा फरक. चिप वेगळी, अँटेना वेगळा, गुळगुळीत करायची रीत वेगळी. दोन ॲपचं असं की एक ॲप घड्याळाने सांगितलेला आकडा तसाच दाखवतं आणि दुसरं फाइलमधल्या ठिपक्यांवरून पुन्हा स्वतः मोजतं. त्यात एकाने थांबलेला वेळ कापला असेल तर ते आणखी वेगळं. कुठलंतरी एकच ॲप धरा आणि त्यातलेच आकडे एकमेकांशी ताडा.

चढावर अंतर कमी मोजलं जातं का? घड्याळ तर वरून बघितल्यासारखं मोजतं.

मलाही असंच वाटायचं. गणित करून बघितलं तर विषयच संपला. १० टक्के चढ, म्हणजे १ किमीला १०० मीटर वर, चांगला दम काढणारा. त्यावर तिरकं खरं अंतर भरतं १००५ मीटर. किलोमीटरला ५ मीटर फक्त. डोंगरात अंतर चुकतं ते चढामुळे नाही, तर वळणं, झाडी आणि एका बाजूला उभी कडा असल्यामुळे.

स्विमिंगमध्ये?

पूलमध्ये जीपीएस वापरलं जात नाही. तुम्ही सांगितलेली पूलची लांबी गुणिले लांब्या, बस. भिंतीला लाथ मारून निघाल्याचा झटका आणि वळणं यावरून ते लांब्या मोजतं. २५ च्या पूलला ५० टाकलंत तर सगळं दुप्पट. मध्येच थांबलात, मध्येच स्ट्रोक बदललात तर कधी एक लांबी जादा. किकबोर्ड धरला की हात स्थिर, मोजणं बंद. उघड्या पाण्यात मात्र जीपीएस लागतं आणि तिथे हात प्रत्येक स्ट्रोकला पाण्याखाली, पाण्याखाली सिग्नल शून्य. जुने पोहणारे घड्याळ टोपीच्या आत डोक्यामागे ठेवतात, दिसायला विचित्र पण रेघ सुंदर येते.

सायकलवर घड्याळ चालेल का?

चालेल, वेग जास्त असल्यामुळे ती नागमोडी चूक त्यामानाने कमी दिसते. अजून अचूक हवं तर चाकाचा सेन्सर लावा आणि चाकाचा घेर टायरमध्ये नेहमीची हवा भरून, स्वतः बसून, एक फेरा जमिनीवर मोजून टाका. २१०५ मिलिमीटरच्या जागी २०७५ पडला तर १०० किमीला दीड किमी कमी.

पळताना पेस ४:३०, ६:१०, ५:०० असा उड्या मारतो.

तो क्षणाचा पेस आहे, त्याच्याकडे बघूच नका. स्क्रीनवर लॅप पेस, म्हणजे चालू लॅपची सरासरी, लावा. सारखा क्षणाचाच पेस हवा असेल तर बुटाला लावायचा फूट पॉड मिळतो, तो एकदा नीट कॅलिब्रेट केला की पेस शांत होतो.

ऑटो पॉज (थांबलं की मोजणं आपोआप थांबवणं) चालू ठेवू का?

रस्त्यावरच्या ट्रॅफिक सिग्नलला सारखं थांबावं लागत असेल तर ठेवा. हळू चालणाऱ्यांनी आणि चढाच्या वाटेवर जाणाऱ्यांनी बंद ठेवा, घड्याळाला तुम्ही थांबल्यासारखे वाटता आणि मधलं अंतर उडतं. रेसमध्ये तर बंदच.

माझं घड्याळ खरंच बिघडलंय की नाही हे कसं ठरवू?

दुसऱ्या घड्याळाशी तुलना करून नाही. मोजलेली जागा शोधा, ट्रॅकची पहिली लेन सगळ्यात उत्तम. घड्याळ अपडेट करा, सिंक करा, युनिट किलोमीटरच आहे ना ते बघा (हसू नका, मैल लावून "माझं अंतर खूप कमी येतंय" म्हणणारे मी दोघं बघितलेत, १ मैल म्हणजे १.६०९ किमी, एवढा मोठा फरक असला की आधी तेच तपासा). मग साध्या रन मोडमध्ये, ट्रॅक मोडमध्ये नाही, ५ चकरांची (२ किमीची) एक फेरी, अशा ५ फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी करा आणि आकडे लिहून काढा.

२.०२, २.०३, २.०२, २.०३, २.०२ असे आले तर घड्याळ छान आहे, थोडं जास्त दाखवतं इतकंच, ते मनातल्या मनात वजा करा. १.९१, २.०८, १.९६, २.१२, १.९३ असे आले तर सरासरी अगदी बरोबर २ येते, पण हे घड्याळ मला नको, कारण आजचा आकडा कुठल्या बाजूला चुकलाय ते कळायला मार्गच नाही. मोकळ्या मैदानात, सगळं अपडेट करूनही असंच येत असेल तर रिसेट करा, आणि त्यानंतरही तेच असेल तर वॉरंटीत द्या. देताना हे पाच आकडे आणि झूम केलेल्या रेघेचे स्क्रीनशॉट सोबत जोडा. मी पहिल्यांदा नुसतं "अंतर चुकतंय" म्हणून घेऊन गेलो होतो, काउंटरवरच्या माणसाने घड्याळ चालू करून बघितलं, चालू झालं, आणि हसून परत दिलं.